प्रार्थनेला शब्दच उरले नाहीत, मग आशा कशाची धरू?

वाटपाहणारी

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. एरवी मी नुसती वाचून जाते. आज लिहिते आहे, कारण हे चर्चच्या मंडळीत बोलायची हिंमत होत नाही.

माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास. सुरुवातीला वाटलं होतं, हे थोड्या दिवसांचंच आहे, कारण माझी नणंद स्वतःहून किडनी द्यायला पुढे आली होती. रक्तगट जुळला, तिच्या बाकीच्या तपासण्या चांगल्या आल्या, मंडळीने उपास-प्रार्थना केली, काहींनी तर आधीच आभार मानून टाकले. शेवटी क्रॉसमॅचला सगळं अडलं. ह्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज तिच्या पेशींवर तुटून पडत होत्या. ही किडनी बसवली तरी शरीर ती ठेवून घेणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता मृत दात्यासाठीच्या यादीत नाव आहे. फोन कधी येईल, येईल की नाही, कोणीच सांगू शकत नाही.

त्या दिवसापासून माझी प्रार्थना बंद पडली आहे. डोळे मिटते, ‘हे स्वर्गीय पित्या’ म्हणते आणि पुढे काहीच येत नाही. रात्री झोपण्याआधी ह्यांच्या हातावर, जिथे फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) आहे तिथे, बोटं ठेवून बघायचं असतं. आतून रक्ताची बारीक थरथर जाणवली म्हणजे फिस्टुला चालू आहे. ती लागली की मी ‘आभार, प्रभू’ म्हणते आणि दिवा मालवते. माझी प्रार्थना सध्या एवढीच.

पाणी मोजून द्यावं लागतं. सकाळी एक बाटली भरते, औषधाबरोबरचा घोटसुद्धा तिच्यातलाच. परवा ह्यांनी बायबल उघडलं आणि नेमकं ४२ वं स्तोत्र निघालं, हरिणी पाण्यासाठी लुलपते ते. म्हणाले, ‘ज्याने हे लिहिलं त्याला तहान ठाऊक होती.’ आणि बायबल मिटून ठेवलं.

लोक चांगल्या मनाने बोलतात, हे मला कळतं. ‘विश्वास वाढवा’, ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’, ‘देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो’. मी हसून मान हलवते आणि घरी येऊन न्हाणीघरात रडते. त्यात मी संडेस्कूलला शिकवते. मागच्या धड्यात याइराची मुलगी होती, बापाच्या विनंतीवरून येशूने मेलेली उठवली ती. माझी स्वतःची मुलगी नऊ वर्षांची, ती त्याच वर्गात बसते. घरी आल्यावर तिने विचारलं, ‘येशूने तिच्या बाबांचं लगेच ऐकलं, मग आपलं का ऐकत नाही?’ मला उत्तर देता आलं नाही.

शब्द सुचत नाहीत म्हणजे माझा विश्वास गेला का? आशा धरायची तर नेमकी कशाची? आणि लेकीला काय सांगू? कोणी अशातून गेलं असेल तर कृपा करून लिहा. नुसतं वचन पाठवू नका. सगळी वचनं मला पाठ आहेत, आणि तेच जास्त लागतं.


बार्तीमय

ताई, तुमच्या घरासाठी आज नाव घेऊन प्रार्थना केली.

मी एवढंच म्हणेन, मागणं सोडू नका. आंधळा भिकारी बार्तीमय रस्त्याच्या कडेला बसून ओरडत होता आणि लोक त्याला गप्प बस म्हणत होते. तो आणखी मोठ्याने ओरडला. मार्क १० मध्ये आहे. येशू थांबला तो त्या ओरडण्याने. लूक १८ मधली विधवाही न्यायाधीशाला हैराण करून सोडते, आणि प्रभूने तो दाखला सांगितलाच यासाठी की आपण खचू नये. माझा भाऊ दारूत बुडाला होता. आईने वर्षानुवर्षं एकच मागणं मागितलं. सगळ्यांनी त्याच्यावर पाणी सोडलं होतं, तिने नाही. आज तो शुद्धीवर आहे, कामाला जातो. आईने मध्येच सोडून दिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला करवत नाही.

म्हणून ‘जे होईल ते देवाची इच्छा’ म्हणून हातपाय गाळू नका. किडनी मागा, नाव घेऊन मागा.


ऑर्गनवाला

ताई, मी वयाने बराच मोठा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या पत्नीला अंडाशयाचा कर्करोग होता. एकदा बरा झाला, आम्ही मंडळीत उभं राहून साक्ष दिली, आणि तो परत आला. आम्हीही नाव घेऊन मागितलं. उत्तर ‘नाही’ आलं. त्यामुळे बार्तीमयभाऊंसारखी साक्ष माझ्याकडे नाही. मला कशाने धरून ठेवलं, तेवढं सांगतो.

आधी शब्दांचं. पौल रोमकरांस ८:२६ मध्ये म्हणतो की प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही, आणि आत्मा स्वतः अवाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. ‘आपल्याला’ म्हणतो तो. त्यात तो स्वतःलाही धरतो. अर्ध्या जगात सुवार्ता घेऊन हिंडलेला माणूस सांगतो आहे की शब्द सापडत नाहीत. तेव्हा शब्द नसणं हे विश्वास गेल्याचं लक्षण कसं होईल?

आणि ८८ वं स्तोत्र एकदा सावकाश वाचा. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, ‘तरी मी त्याचं स्तवन करीन’ असं काही येतं. हे वळत नाही. १८ ओव्या आहेत आणि शेवट अंधारात होतो. ज्यांनी ही स्तोत्रं जमवली त्यांना शेवटी दिलाशाची एक ओळ जोडता आली असती. त्यांनी जोडली नाही. मंदिरात गायच्या संग्रहात ते तसंच राहू दिलं, म्हणजे कधीतरी कोणाला एवढंच म्हणता येईल हे त्यांनी मान्य केलं. पण त्याची सुरुवात बघा. तो माणूस ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशी हाक मारून तक्रार करतो. तोंड फिरवून निघून जात नाही. ‘तू मला टाकून का दिलंस’ हे तो देवालाच विचारतो. माझ्या मते विश्वास तो हाच. तुम्ही रात्री फिस्टुल्यावर बोटं ठेवून जे दोन शब्द म्हणता, ती पूर्ण प्रार्थना आहे. तिला कमी समजू नका.

आता ‘सर्व गोष्टी मिळून’. हे वचन लोक आजूबाजूच्या ओळींपासून तोडून हातात देतात, म्हणून ते लागतं. ते त्याच रोमकरांस ८ मध्ये आहे. तिथे आधी सृष्टी कण्हते, मग आपण कण्हतो, मग आत्मा कण्हतो. पुढे पौल क्लेश, उपासमार, तलवार यांची नावं घेतो आणि मेंढरांसारखे आम्ही वधाला नेले जातो हे स्तोत्रातलं वचन आणतो. या सगळ्याच्या मधोमध २८ वी ओवी आहे. आणि कल्याण म्हणजे काय ते लगेच २९ व्या ओवीत सांगितलंय, आपण त्याच्या पुत्राच्या प्रतिमेसारखे व्हावं. सगळं आपल्या मनासारखं होईल असं तिथे लिहिलेलं नाही. यिर्मया २९:११ चंही तेच. ‘भविष्य आणि आशा’ हे शब्द बाबेलात नेलेल्या बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात आहेत, आणि त्याच्या आधीच्या ओवीत सत्तर वर्षं लागतील असं स्पष्ट म्हटलं आहे. ते पत्र ऐकणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांना माहीत होतं की आपण घरी परत जाणार नाही. त्यांना सांगितलं गेलं, घरं बांधा, बागा लावा.

माझी पत्नी शेवटच्या दिवसांत २३ वं स्तोत्र वाचू द्यायची नाही. तिला योहान ११ हवा असायचा. मार्था म्हणते, ‘प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता.’ नंतर मरीया येते, तीही तेच म्हणते. दोघी बहिणींनी त्या चार दिवसांत एकमेकींना हेच वाक्य किती वेळा म्हटलं असेल! माझी बायको ते वाक्य मोठ्याने वाचायला लावायची आणि मग म्हणायची, ‘हे माझंही.’ येशूने दोघींपैकी एकीलाही दटावलं नाही. मार्थेशी तो बोलला, मरीयेपुढे तो रडला. थोड्याच वेळात त्यांच्या भावाला, लाजराला, कबरेतून हाक मारून बाहेर काढणार हे त्याला माहीत असताना रडला. ह्या एका गोष्टीने मला जितकं सावरलं, तितकं कुठल्याही प्रवचनाने सावरलं नाही. पुढे सगळं नीट करणार आहे म्हणून आत्ताचं रडणं त्याने उडवून लावलं नाही.

आणि लाजर पुढे पुन्हा मरण पावलाच असणार. मागितलेलं मिळालं, चमत्कार झाला, तरी त्या घरावर कधीतरी पुन्हा तो दिवस आला. म्हणून मी आशेला दोन मजले मानतो. खालच्या मजल्यावर आपली मागणी असते: किडनी मिळो, रिपोर्ट चांगला येवो. ती जीव तोडून मागायची, तिला हलकं लेखायचं नाही. पण पाया त्या मागणीवर नाही. पाया ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ यावर आहे, आणि हे वाक्य त्याने कबरेची धोंड सरकवण्याआधी म्हटलं. मार्थेला त्यावर उत्तर द्यावं लागलं तेव्हा तिचा भाऊ कबरेतच होता.

पत्नी गेल्यावर कितीतरी महिने मला गाता आलं नाही. मी मंडळीत ऑर्गन वाजवतो. बोटं सवयीने पट्ट्या शोधत होती, तोंड मिटलेलं असायचं आणि मागे सगळे गात असायचे. ज्या कडव्यावर माझा विश्वास बसत नव्हता, ते कडवं त्यांनी माझ्या वतीने म्हटलं. मार्क २ मध्ये चौघं जण पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडतात, आणि लिहिलंय की येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला. खाटेवरच्या माणसाने तोंडातून एक शब्द काढल्याची नोंद नाही. सध्या तुम्ही खाटेवर आहात, ताई. उचलणं इतरांना करू द्या. एका विश्वासू बाईला तरी खरं सांगा, हसून मान हलवू नका.

लेकीला काय सांगायचं: गोष्टीतली ती जागा तिला पुन्हा दाखवा, कारण ‘लगेच’ हे खरं नाही. याइर पाया पडला, येशू निघाला, आणि वाटेत थांबला. बारा वर्षं रक्तस्राव असलेल्या बाईसाठी थांबला, तिच्याशी बोलत बसला, आणि तेवढ्यात घरून निरोप आला की मुलगी गेली. तो बाप त्या गर्दीत उभा राहून हे सगळं बघत होता. याइरालाही थांबावं लागलं, हे तिला कळू दे. का थांबावं लागलं, हे मला माहीत नाही असंही सांगा. मुलांना ‘माहीत नाही’ समजतं.


रात्रपाळी

ताई, मी नर्स आहे, बरीच वर्षं डायलिसिस युनिटमध्ये काढली. ऑर्गनवाला काकांनी मनाचं लिहिलं, मी शरीराचं लिहिते.

१ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा जीव घे’ म्हणतो. देवाने त्याला तिथे उपदेश केला नाही. देवदूताने हात लावून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं, का तर वाट फार लांबची आहे म्हणून. ‘एलीया, तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्याला होरेब डोंगरावर पोचल्यावर विचारला. तुम्ही शेवटचं पोटभर कधी जेवलात? सलग कधी झोपलात? मशीनवर असलेल्या माणसाकडे आम्ही बघतो, पण खुर्चीत बसलेली बायको हळूहळू झिजत जाते आणि तिचं वजन कोणी करत नाही.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गेलं तर त्याच दिवशी दाखवा, थांबू नका. त्यात विश्वासाची कमतरता काढणाऱ्यांना चार्ल्स स्पर्जनबद्दल सांगा. एवढे मोठे उपदेशक! १८५६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या सरे गार्डन्समधल्या सभागृहात त्यांची उपासना चालू असताना कोणीतरी आग लागल्याची खोटी हाकाटी केली. चेंगराचेंगरीत सात माणसं गेली. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते. त्यानंतर खिन्नतेचे झटके त्यांना आयुष्यभर येत राहिले आणि ते व्यासपीठावरून त्याबद्दल उघड बोलत. पुढे त्यांना किडनीचाही विकार जडला. त्यांच्यात विश्वास नव्हता असं कोण म्हणेल?

आता कामाचं. तुमच्या ट्रान्सप्लांट सेंटरला ‘स्वॅप’बद्दल विचारलंत का? नणंदेची किडनी तुमच्या मिस्टरांना चालत नाही, पण दुसऱ्या कोणाला चालू शकते, आणि त्या घरातल्या दात्याची यांना. अशा जोड्या जुळवतात. अँटीबॉडीज जास्त असल्या की जुळणं अवघड जातं, हे खरं, पण नाव नोंदवता येतं का आणि तुमच्याकडे त्याचे नियम काय आहेत ते समन्वयकाला स्पष्ट विचारा. काही केंद्रांत अँटीबॉडीज कमी करण्याचे उपचारही असतात. तेही विचारा, कोणाला चालतील ते डॉक्टर ठरवतील.

तहानेसाठी: मीठ कमी झालं की तहान खरंच कमी होते, पाण्यापेक्षा आधी मिठाकडे बघा. गार पाण्याने चूळ भरून टाकायची. बर्फाचा लहान खडा चघळला तर तोंड जास्त वेळ ओलं राहतं, पण तो बाटलीच्या हिशेबात धरायचा.


वाटपाहणारी

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काका, तुमचं उत्तर मी ह्यांना डायलिसिस चालू असताना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘८८ वाच.’ मी वाचलं. शेवटची ओवी झाल्यावर त्यांनी ‘आमेन’ म्हटलं.

स्वॅपचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. नणंदेला फोन केला तर तिने लगेच विचारलं, कागद कुठले लागतील.

लेकीला मार्क ५ पुन्हा वाचून दाखवला. येशू त्या बाईशी बोलत थांबतो तिथे ती म्हणाली, ‘मला त्या बाईचा राग आला असता.’ मी म्हटलं, मलाही. खरं सांगते, यादीत आमच्या पुढे असलेल्या माणसांचा मला राग येतो. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत.

आणि प्रार्थना नक्की कुठे अडली होती, ते आता लिहिता येतंय. नणंदेची किडनी मागताना काही वाटत नव्हतं, ती जिवंत, हसत देत होती. आता मी मागते ती किडनी कोणाच्या तरी घरातलं माणूस गेल्यावर येणार. ‘प्रभू, लवकर दे’ म्हणायला तोंड उघडलं की हे समोर येतं. कोणाच्या तरी घरावर आभाळ कोसळू दे, असं मी देवाजवळ मागते आहे का?


बार्तीमय

ताई, नाव घेऊन मागा म्हणून मी लिहिलं होतं, तेव्हा ही बाजू माझ्या मनात आली नव्हती. मागणं सोडू नका हे मी अजूनही म्हणतो, पण याचं उत्तर माझ्याजवळ नाही. स्वॅपसाठी मात्र आमच्या घरी आजपासून रोज प्रार्थना होईल. आईला सांगितलंय.


ऑर्गनवाला

भाऊ, मागणं सोडू नये, यात आपलं दुमत नाहीच. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने आधी सरळ मागितलं, हा प्याला दूर कर. मग म्हणाला, तुझी इच्छा होवो. मत्तय लिहितो की तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले. नवे शब्द त्यालाही लागले नाहीत.

ताई, त्या रागाबद्दल: तो राग देवाला सांगून टाका, ज्या शब्दांत येतो त्या शब्दांत. लेकीपुढे तुम्ही ‘मलाही’ म्हणालात, ते फार बरं केलंत. आणि त्या गोष्टीत माझ्या नजरेत भरतं ते असं, की निरोप आल्यावर ‘गुरुजींना आता कशाला त्रास देतोस’ असं लोक याइराला म्हणाले. येशूने ते ऐकलं आणि त्यालाच उद्देशून बोलला, भिऊ नको, विश्वास मात्र धर. दुसऱ्या कोणासाठी थांबला असताना त्याचं लक्ष त्या बापावरून हललेलं नव्हतं. देवाजवळ एकाचं ऐकलं म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही. यादीत मात्र तसं होतं, कारण अवयव थोडे आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या जुळवून दाखवणं मला जमणार नाही.

मृत दात्याच्या प्रश्नावर मी काही बोलावं असं मला वाटत नाही. रात्रपाळीताईंनी ते जवळून पाहिलं असेल.


रात्रपाळी

पाहिलं आहे. आयसीयूतही काम केलं आहे मी.

ताई, तुमच्या प्रार्थनेने कोणी मरत नाही. तो अपघात, तो मेंदूतला रक्तस्राव तुम्ही मागितलेला नसतो. ते माणूस जातं, डॉक्टर ठरलेल्या तपासण्या दोनदा करून मेंदू मृत झाल्याचं सांगतात, आणि मग कोणीतरी नातेवाइकांसमोर बसून अवयवदानाबद्दल विचारतं. छाती अजून वर-खाली होत असते, कारण व्हेंटिलेटर चालू असतो. हात गरम लागतो. अशा वेळी ‘हो’ म्हणणं काय असतं, ते मी पाहिलंय. एका आईने सही करण्याआधी मुलाचे केस विंचरायला मागितले. आम्ही कंगवा आणून दिला. तिने भांग पाडला, मग सही केली.

तुम्हाला प्रार्थनेला शब्द हवे असतील तर त्या घरासाठी करा. ते घर आज कुठे आहे तुम्हाला माहीत नाही, कदाचित त्यांच्याकडे आज सगळं ठीकच असेल. त्यांचं माणूस सुखरूप राहो हेही खुशाल मागा, त्याने तुमची मागणी रद्द होत नाही. आणि ज्या घरावर तो दिवस येणारच आहे, तिथे त्या वेळी कोणीतरी त्यांच्याजवळ बसलेलं असो, नीट समजावणारं माणूस त्यांना भेटो, सही केल्यावर त्यांना कधी पश्चात्ताप न होवो. मी ड्यूटीवर जाताना हेच मागते.

समन्वयकाला भेटायला जाल तेव्हा नणंदेचे सगळे जुने रिपोर्ट, दोघांचे एचएलए टायपिंगचे (पेशी किती जुळतात त्या तपासणीचे) कागद आणि क्रॉसमॅचचा रिपोर्ट बरोबर न्या. मूळ प्रती हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या. अँटीबॉडीजची टक्केवारी कागदावर लिहून मागा, नुसती तोंडी ऐकून येऊ नका.


वाटपाहणारी

गुरुवारी भेट ठरली आहे, डायलिसिस संपल्यावर. नणंदही येणार आहे. काका, तुम्ही म्हणालात तसं मंडळीतल्या एका मावशींना खरं सांगितलं, त्या लेकीला त्या दिवशी शाळेतून आणतील.

रात्री आता फिस्टुल्यावर बोटं ठेवते तेव्हा त्या घरासाठी एक वाक्य म्हणते. काल लेकही शेजारी येऊन बसली आणि तिनेही बोट ठेवून बघितलं. म्हणाली, ‘किती जोरात धावतंय.’

गुरुवारी काय होतं ते कळवते.


बार्तीमय

कळवा. किती वाजता भेट आहे तेही लिहा, आई त्या वेळेला बसणार आहे.